सोशिक कपलिंग

विश्वकर्मा पूजेच्या दिवशी कोसमटोल्याच्या मॅंगनीज खाणीत पाहुण्यांना पंखाघर दाखवायचं, आणि चालू पंख्याच्या बेअरिंगवर चहाचा कप ठेवून त्यांना थक्क करायचं, हा आता रिवाजच झाला होता. माणसाच्या दुप्पट उंचीचा तो पंखा जमिनीखालच्या बोगद्यांतली कोंदट हवा दिवसरात्र खेचून बाहेर काढत असे. पंखेवाले देवाजी पटले यांनी बेअरिंगच्या सपाट टोपीवर फडक्याची घडी ठेवली, तीवर कप ठेवला आणि हात मागे घेऊन ऐटीत उभे राहिले. चहावर साधा तरंगही उठला नाही.

"आता सांगा साहेब, पंखा चालू हाय का बंद?"

टाळ्या पडल्या. संघमित्रा रामटेकेही हसली, कारण हे सगळं कौतुक तिच्याच शोधाचं होतं. तिच्या वडिलांनी याच पंखाघरात उमेदीची वर्षं घालवली होती आणि इथल्या खडखडाटाने ते अर्धे बहिरे झाले होते. जेवताना आईने भाजी वाढू का विचारलं तरी त्यांना कळत नसे. संघमित्रा इंजिनिअर झाली ती त्या आवाजाच्या रागाने.

"पण या मधल्या डब्यात आहे काय?" एका पाहुण्याने विचारलं.

"कपलिंग," देवाजी म्हणाले. "मोटरीचा दांडा अन् पंख्याचा दांडा जोडते. दोन दांडे कितीबी मापून बसवा, केसभर वाकडे राहतेच. तापले का लांबते. म्हणून पहिले मधात रबराची चांदणी राहे. मोटर चांदणीले ढकले, चांदणी पंख्याले. वाकडेपणा सारा रबर खाये."

"आणि फारच वाकडं झालं तर?"

"मंग कुरकुरे ना! खाली काळी भुकटी पडे, जळका वास सुटे. आमी मशीन थांबवून, खाली पातळ पत्रे सारून दांडे सरळ करो. नाईच केलं तर चांदणी फाटे, पण दांडे वाचे. आता काईच कटकट नाई."

संघमित्राच्या कपलिंगमध्ये रबराच्या जागी जेल होतं. विजेच्या बारीक प्रवाहाने ते क्षणात घट्ट होई, क्षणात मऊ. दांडा जिकडे रेलेल तिकडे ते सैल पडे आणि उलट बाजूने धरून ठेवी. आवाज नाही, भुकटी नाही, मशीन थांबवणं नाही. कामगारांनी त्याचं नाव ठेवलं 'सोशिक', आणि ते तिला इतकं आवडलं की तिच्या कंपनीनेही तेच घेतलं.

पाहुणे प्रसादाकडे वळले. तिने कप उचलायला हात पुढे केला आणि तो तसाच राहिला. चहा स्थिर होता, पण कपाच्या एका बाजूला काठाला भिडला होता आणि दुसऱ्या बाजूला चांगला खाली होता. तिने फडकं काढून कप नुसत्या टोपीवर ठेवला. तरी तसाच. मग तो पलीकडे मोटरच्या बेअरिंगवर ठेवला, तिथे चहा सरळ राहिला.

"काका, हे फडकं कशाला?"

"कप सरकून राहिला होता ना दिवाळीपासून. मले वाटलं, तेलानं बुळबुळीत झालं असंल."

कपलिंगला स्वतःवरचा ताण कळत असे, पण तो पडद्यावर दाखवायचा नाही असं तिनेच ठरवलं होतं. लोक आकडे पाहून उगाच घाबरतात, असं तिला वाटे. पडद्यावर फक्त थरथर दिसायची, आणि थरथर नसली की हिरवा दिवा. तिने फोनवर तो लपवलेला आकडा उघडला. ताणाची रेघ दिवाळीपासून चढत चढत मर्यादेला टेकली होती.

खाणीचे व्यवस्थापक देशकर आरतीचं ताट घेऊन निघाले होते. तिने त्यांना अडवलं.

"पंख्याचा चौथरा कलतोय. खालची जमीन बसते आहे. आधी सगळ्यांना वर काढा."

"मॅडम, दिवा हिरवा आहे. बॅटरी कारखान्यांच्या मॅंगनीजच्या ऑर्डरसाठी आजची सुट्टीसुद्धा रद्द केली मी. जमीन बसली असती तर पंखा थरथरला नसता का?"

"तो थरथरू नये म्हणूनच तर मी हे बनवलंय!"

"सोमवारी मापं घेऊ," देशकर म्हणाले. ते वाईट गृहस्थ नव्हते. दिवा खरोखरच हिरवा होता.

खाली सगळी पाळी होती आणि तिच्यात संघमित्राचा धाकटा भाऊ सुमेध होता. जेल पूर्ण घट्ट केलं तर सोशिकचं सोसणं थांबलं असतं आणि पंखा खरं काय ते बोलला असता. पण दांडा तुटला तर खालची हवा बंद, मग वर येणाऱ्यांनी श्वास कशाचा घ्यायचा? तिने डोळे मिटले आणि फोनवरची कळ दाबली.

जमिनीतून गुरगुर उठली. खिडक्यांच्या काचा खणखणल्या, झेंडूच्या माळा तुटून पडल्या, कप फरशीवर आपटून फुटला. देवाजी किंचाळले, "पोरी, मरते ना पंखा!" देशकरांच्या हातातलं ताट सुटलं. धोक्याच्या भोंग्याकडे पहिले धावले ते तेच. तिने ताबडतोब जेल मऊ केलं आणि पंखाघर पुन्हा गप्प झालं.

लिफ्ट त्याच बसत्या जमिनीतून वर-खाली करत राहिली. दर खेपेला संघमित्रा चेहरे न्याहाळी, आणि त्यांत सुमेध नसे. शेवटच्या खेपेला तो आला, डोक्यापासून पायांपर्यंत काळा. तिने त्याला सगळ्यांसमोर घट्ट धरलं. तेवढ्यात पंखाघराच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग गेली आणि माणसं मागे पळाली.

"बोगद्याचं छत करकरत असेल ना रे?" तिने विचारलं.

"करकरत होतं ना, महिना झाला."

"मग सांगितलं नाहीस?"

"वर सांगतलं आमी." सुमेधने देशकरांकडे पाहिलं. देशकर मान खाली घालून उभे होते. "वरून म्हणे, पंखा पाहा. जमीन हलली असती तर पंखा पहिले बोंबलला असता. जमिनीची मापं घेणंही बंद झालं मंग." तो बहिणीकडे वळला. "अन् पोरं खाली उतराले तयार नव्हती, त्याइले मीच समजावलं ताई. म्हटलं, माह्या बहिणीचं कपलिंग हाय, ते खोटं नाई बोलत."

फोन अजून तिच्या हातात होता. तिने देशाचा नकाशा उघडला. धरणांचे पंप, भुयारी रेल्वेचे पंखे, कारखान्यांची चाकं. जिथे जिथे सोशिक बसवलं होतं तिथे तिथे एक हिरवा ठिपका होता, आणि एकही ठिपका लाल नव्हता. त्यांतले किती खरोखर ठीक होते, आणि किती नुसते सोसत होते? पहिला फोन कुठे लावायचा?