चार नंबरची लाइन

नाव?

पंचशीला.

गाव?

नांदेड.

काय बोलायचंय?

जे घडलं ते.

हे तीन प्रश्न मी आठ महिने दुसऱ्यांना विचारले. आज स्वतःला विचारून घेतले, एवढंच.

हे खरं आहे. आमच्या घरात भूत मानत नाहीत. बाबा एसटीत कंडक्टर होते. गल्लीत कुणाच्या अंगात आलं की ते पेपर घेऊन मुद्दाम समोर जाऊन बसायचे. मी त्यांचीच मुलगी. तरी तुम्हाला हा भास वाटत असेल तर खुशाल वाटू द्या. मी आठ महिने खोटं बोलायचा पगार घेतलाय. खोटं कसं असतं, ते मला तुमच्यापेक्षा जास्त कळतं.

आणि ती रात्र नव्हती. असल्या गोष्टींत रात्र असते, अमावस्या असते. इथं तसलं काही नाही.

एप्रिल २०१६. बुधवार. लातूर. भर दुपार.

औसा रोडवर ट्रॅक्टरच्या शोरूमवर आमचं रेडिओ स्टेशन होतं. नाव सांगत नाही. त्यांची फुकट जाहिरात खूप झाली. शहरात रेल्वेनं पाणी येत होतं. टाक्यांभोवती पोलीस उभे होते. आणि आम्ही एसीत बसून लोकांचे हाल ऐकत होतो. एसीचं पाणी बादलीत धरायचो आणि त्यात चहाचे कप धुवायचो. स्टेशनमध्ये खरं म्हणावं असं तेवढं एकच होतं, ती बादली.

कार्यक्रमाचं नाव 'तुमचा आवाज'. रोज बारा ते एक.

तुमचा आवाज!

आवाज सगळे आमचेच होते.

फोनच्या चार लाइनी. प्रत्येकीला एक लाल दिवा. एक आणि दोन नंबर आमच्या माणसांसाठी. तीन आणि चार जनतेसाठी. स्टुडिओच्या काचेपलीकडं स्टोअर रूम होती; तिथं खोक्यांवर बसून ज्ञानोबा मोबाइलवरून फोन लावायचा. तो मालकांचा ड्रायव्हर. सोमवारी तो मुरुडचा शेषेराव असायचा, मंगळवारी औशाचा दगडोबा. दगडोबाला तो थोडा खोकला द्यायचा, एवढाच फरक. बायका सगळ्या माझ्याकडे. केवळाबाई मी. साखराबाई मी. कॉलेजात जाणारी पोरगीही मीच.

मालक म्हणजे आप्पासाहेब. त्यांना नवा जिल्हा हवा होता. जुन्या जिल्ह्यात त्यांना कुणी विचारत नव्हतं, म्हणून नवा. त्या आठवड्याचा विषय होता, 'नवा जिल्हा झाला तर पाणी मिळेल का?' उत्तर आम्हीच लिहून ठेवलं होतं. मिळेल.

निवेदक बसवराज. आवाज गुळाच्या पाकासारखा, आणि डोक्यात त्या पाकाला चिकटलेल्या माश्या. पहिल्या दिवशी त्यानं मला काम शिकवलं.

"हे बघ पंचशीला. जनतेचा फोन आला की नाव, गाव, काय बोलायचंय, तेवढं इचारायचं. आप्पासाहेबाचं कौतुक असलं, द्यायचा आत. गाण्याची फर्माइश असली, द्यायचा आत. रडगाणं असलं की म्हणायचं, होल्ड करा, फोन ठेवू नका, नंबर येतोय."

"आणि मग?"

"मग काय? न्हाई देयचा. एक वाजता सगळं बंद."

"नाही म्हणून सांगायला काय होतं?"

"न्हाई म्हणलं की मानूस परत फोन करतंय. थांब म्हणलं की थांबतंय. आपल्या लोकांला थांबायची सवय हाय."

मी हसले होते.

होल्डवर ठेवलेल्या माणसाला कार्यक्रम ऐकू यायचा. एवढं लक्षात ठेवा.

सोमवारी चार नंबरचा दिवा लागला.

"नाव?"

"कोंडाबाई."

"गाव?"

"शिरूर अनंतपाळच्या पल्याडली वाडी हाय माय आमची. म्हाईत असंल का तुला..."

"काय बोलायचंय?"

"टँकर येईना झालाय. नऊ दीस झाले. माझी सून हिरीत उतरायली वाटी घिऊन. खाली वाटी वाटीनं भरतंय बग पानी. तिला सातवा लागलाय. दोराचा भरवसा न्हाई. तेवढं सांगायचंय रेडिओवर."

मागे कुठंतरी भांडं दगडावर आपटल्याचा आवाज आला... खण्ण.

"आज विषय नव्या जिल्ह्याचा आहे, आजी."

"जिल्हा कोन्ता बी असू दे की. टँकर कवा येनार, तेवढं इचार."

"होल्ड करा. फोन ठेवू नका. नंबर येतोय."

"बरं माय."

तासभर दिवा जळत राहिला. एक वाजता विझला.

मंगळवारी पुन्हा. तेच नाव, तेच गाव. तोच आवाज मागे... खण्ण.

"काल नंबर न्हाई आला, माय."

"आज येईल. होल्ड करा."

तिनं चिडावं, शिव्या द्याव्यात, असं मला वाटत होतं. शिव्या देणाऱ्याचा फोन आपटायला बरं वाटतं. पण ती म्हणाली, "बरं माय."

बुधवारी सकाळी बसवराज नाचतच आला.

"आप्पासाहेबानं टँकर सोडलेत सगळीकडं. आज आभाराचे फोन पायजेत. चांगली गावाकडली बाई काढ."

"सोडलेत? खरंच?"

"सोडतील की. आधी आभार येऊ दे."

गावाकडली बाई. नवीन नाव शोधायचाही मला कंटाळा आला होता. कोंडाबाई तयारच होती. नाव खरं, वाडी खरी, सून खरी. आवाज दोन दिवस कानात होता. शेवटी जराशी दम लागल्यासारखी थांबायची ती. मी आरशासमोर एकदा करून बघितलं. अगदी तीच.

बारा वाजून पाच मिनिटं. चार नंबर.

"माय, मी हिरीवरूनच बोलायले आज. माजा नंबर आला की सून हाक मारील मला..."

मी पुढचं ऐकलं नाही.

"होल्ड करा."

"बरं माय."

बारा वीस. मी स्टोअर रूममध्ये गेले. ज्ञानोबानं खोक्यावर जागा करून दिली. मी एक नंबरवर फोन लावला. बसवराजचा पाक वाहू लागला, "आता आपल्यासोबत आहेत शिरूर अनंतपाळजवळच्या वाडीवरून, कोंडाबाई! बोला, कोंडाबाई."

आणि मी बोलले.

"आमच्या वाडीला टँकर आला बगा. माज्या सुनंला आता हिरीत उतरायचं काम न्हाई ऱ्हायलं. आप्पासाहेबाचं भलं होवो. नवा जिल्हा झालाच पायजे."

सव्वा मिनिट. ज्ञानोबानं तोंडावर हात धरून हसू दाबलं. बसवराजनं काचेपलीकडून अंगठा दाखवला.

मला अभिमान वाटला. हेही खरं आहे, म्हणून लिहिते.

एक वाजला. कार्यक्रम संपला. एक विझला, दोन विझला, तीन विझला.

चार नंबरचा दिवा चालूच होता.

मी बटण दाबलं. विझेना.

रिसीव्हर उचलला... रिकाम्या रांजणात तोंड घातल्यावर येतो तसला घुमारा होता. माणूस नाही. भांड्याचा आवाज नाही. थेंबाचासुद्धा नाही.

नुसता दोर ताणल्यावर करकरतो, तसं काहीतरी...

मग अगदी जवळून...

"आला का नंबर, माय?"

आणि मी काय म्हणाले, सांगू? सवयीनं तोंडातून गेलं.

"होल्ड करा."

गुरुवारी सकाळी स्टेशन उघडलं तर चारचा दिवा लागलेला. अजून मशीनही चालू केलं नव्हतं. बसवराजनं भिंतीतली वायर उपटली. वायर त्याच्या हातात, आणि दिवा लागलेलाच.

"लातूरच्या लायटीचं काय खरं हाय का?" तो हसला. त्याच्या कपाळावर घाम होता. एसी चालू होता.

मग ज्ञानोबा शेषेराव होऊन बोलायला बसला. मी हेडफोन लावला होता. बसवराज म्हणाला, "बोला शेषेराव."

काहीच नाही.

"शेषेराव?"

काहीच नाही. मी काचेतून बघत होते. ज्ञानोबाचे ओठ हलत होते, हात हलत होता. हेडफोनमध्ये फक्त ती करकर. बसवराजनं घाईघाईनं गाणं लावलं.

ज्ञानोबा बाहेर आला. "कसं झालं? आज रंगलं न्हवं?"

बसवराजनं गाण्याचा आवाज वाढवला.

शुक्रवारी मी शिरूर अनंतपाळची एसटी पकडली. पुढं जीप, मग पायी. दयेनं गेले नाही. म्हातारी घरात धडधाकट बसलेली बघायची आणि हे डोक्यातून काढायचं, म्हणून गेले.

वाडीच्या तोंडाशीच विहीर. कठड्यावर दोराची घासलेली खाच. खाली बघवेना. काही नव्हतं, म्हणूनच बघवेना.

दारात एक पोटुशी बाई बसली होती. तारामती. आत दोन-चार बायका. चूल बंद.

"कोंडाबाई?"

"परवा गेल्या," ती म्हणाली. "तुमी कोण?"

"रेडिओवरून आले."

मला वाटलं, ही आता पायातली चप्पल काढेल. काढायला हवी होती.

तिनं हात जोडले.

"तुमीच का त्या मॅडम? लई उपकार झाले. तुमी आत्याला बोलू दिलं." सासूला ती आत्या म्हणायची.



ती सांगू लागली. बुधवारी म्हातारी हट्टाला पेटली. आज तू उतरायचं न्हाई, मी उतरते. फोन स्पीकरवर टाकून कठड्यावर ठेवला. म्हणाली, कार्यक्रम ऐकत बस, माजा नंबर आला की वरून हाक मार, दोर हालव. मग उतरली. अर्ध्यात दोर तुटला.

"आवाज बी न्हाई आला वो. खाली पानीच न्हवतं, आवाज कशाचा येतंय? मी लई हाका मारल्या. मग दुसरा दोर बांधला कडीला. एक पाय आत टाकला. आमचे मालक कामाला पुन्याला, वाडीत दुपारचं कुणी न्हाई. मी उतरलेच असते..."

तिनं पोटावर हात ठेवला.

"तेवढ्यात फोनातनं तो मानूस म्हणला, आपल्यासोबत हाईत कोंडाबाई. मला वाटलं माजं डोस्कं फिरलं. आत्या तर खाली हाईत. अन् आत्या बोलल्या."

"काय बोलल्या?"

"'तारामती, उतरू नगंस. माजं झालं आता. पाय भाईर काढ, माय. वर थांब, मानसं येयलीत.'"

माझ्या हातातला पाण्याचा तांब्या कलंडला. कुणीतरी दिलेलं पाणी. त्या वाडीतलं पाणी. तेही मी सांडलं.

"आवाज... त्यांचाच होता?"

"असं कसं इचारता, मॅडम? नऊ वर्सं नांदायले मी. आत्याचा आवाज वळखू येईना का मला?" मग जरा चिडूनच, "शेवटी दम लागल्यावानी थांबायच्या की त्या. तसंच थांबल्या."

मी लातूरला परत आले. स्टेशनवर जाऊन बुधवारचं रेकॉर्डिंग लावलं. बारा वीस. टँकर आला बगा. आप्पासाहेबाचं भलं होवो. सगळं जसंच्या तसं. साऱ्या लातूरनं तेच ऐकलं.

मग त्या कठड्यावर काय वाजलं?

मी त्या वेळी खरंच काय बोलले?

मी बसवराजला सगळं सांगितलं. सगळं. तो खुर्चीतून उठला. त्याचे डोळे चमकले.

"स्पेशल एपिसोड! 'विहिरीतून आलेला फोन.' म्हातारीचा आवाज तूच काढ, पंचशीला, तुझ्यावानी कोण काढतंय?"

मी पर्स उचलली आणि निघाले. फार थोर काही केलं असं समजू नका. तोंडावर थुंकायला हवं होतं, तेवढंही जमलं नाही. एपिसोड त्यांनी दुसऱ्या पोरीला घेऊन केला. लोकांना फार आवडला म्हणे. लोकांनाही काहीही आवडतं.

तारामतीला मुलगी झाली. बरी आहे. टँकर गेला की नाही, माहीत नाही. नवा जिल्हा काही झाला नाही.

मी नांदेडला घरी परतले. शिकवण्या घेते. एकाही बाईचा आवाज काढत नाही.

गेल्या पावसाळ्यापासून मात्र दर बुधवारी फोन येतो. बारा वाजून पाच मिनिटांनी. स्क्रीनवर नंबर नसतो. मला वाटलं, कोंडाबाई असेल. पहिल्यांदा उचलला तेव्हा मी माफी मागायची तयारीसुद्धा केली होती...

ती नव्हती.

पलीकडे तरुण मुलगी होती. कंटाळलेली. कुठंतरी मागं एसी घरघरत होता.

"नाव?"

तो आवाज माझा होता.

"गाव?"

सांगितलं.

"काय बोलायचंय?"

मी सगळं सांगितलं. वर लिहिलंय तेवढं सगळं. दर बुधवारी सांगते, एक शब्द न गाळता. विहीर, दोर, सव्वा मिनिट. ती ऐकून घेते. मग म्हणते...

"होल्ड करा. फोन ठेवू नका. नंबर येतोय."

आणि कार्यक्रम ऐकू येऊ लागतो. बसवराजचा पाक. खोकणारा दगडोबा. आणि फार मागं, भांडं दगडावर...

बाबा म्हणतात, ठेवून दे की फोन. त्यांना ऐकू येत नाही.

ठेवून दिला असता. पण नेमका तेव्हाच नंबर आला तर?

आज बुधवार आहे. बारा वाजून चाळीस मिनिटं झालीत. फोन स्पीकरवर टाकून समोर ठेवलाय आणि हे लिहितेय, कारण तिकडे मला कुणी आत देत नाही.

बरं माय, म्हणाले मी तिला.

तिकडे चारचा दिवा अजून लागलेला आहे.