फाट्यावर न थांबलेली जीप

“बाबा, आज ती वाळवंटातली गोष्ट सांगा. घाबरली की आपणहून नको म्हणेल. तिची जागा मी मित्राला कबूल करून बसलोय.”

इस्त्रीचे कपडे घेऊन जिना चढणाऱ्या नव्या सुनेच्या कानावर नवऱ्याचं हे बोलणं पडलं. ती तिथंच थबकली. लग्न ठरल्यापासून दोघं त्या दूरच्या वाळवंटातल्या राष्ट्रीय उद्यानाला जायचं ठरवत होती. म्हणजे ठरवत ती होती. तो “हो गं” म्हणत होता. नकाशावर वाटा तिनं आखल्या, माणशी पाणी किती लागेल ते तिनं काढलं. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच, असं मनाशी म्हणत तिनं त्याचे सदरे घडी न मोडता कपाटात ठेवले.

जेवणं झाली. सासरे खुर्चीत रेलले. नणंद आणि धाकटा दीर सतरंजीवर सरसावून बसले. दिवा मालवला. सून मुद्दाम नवऱ्यासमोर बसली.

“माझ्या ओळखीचा एक ड्रायव्हर,” सासऱ्यांनी सुरुवात केली, “त्याच उद्यानात सामान पोचवायचा. डिसेंबरातला शेवटचा शनिवार. अमावास्या. रात्री दहाला दोन जीप निघाल्या. पुढे हा, मागे याचा जिवलग मित्र. मित्र त्या वाटेला नवखा. तिथला नेम असा, की फाटा आला की पुढच्यानं थांबायचं. मागच्या गाडीचे दिवे दिसले की मगच वळायचं.”

“आणि नाही थांबला तर?” दिरानं विचारलं.

“हा नाहीच थांबला रे. थंडी मरणाची. विश्रामगृहात खाट एकच, आधी पोचेल त्याची, मागच्याला फरशी. म्हणाला, येईल मागून.”

नणंदेनं पाय पोटाशी घेतले.

“पुढे आरशात दिवे दिसले. याला हायसं वाटलं. हा हळू, की तेही हळू. हा थांबला... तेही थांबले. हॉर्न दिला. उत्तर नाही.”

सासऱ्यांचा आवाज उतरला.

“विश्रामगृहाच्या अंगणात जीप लावली. दिवे पार पाठीशी आले. विझले. गाडीचं दार वाजेना. हा उतरला. मागे गेला...”

“मग?”

“कुणी नाही. काही नाही.”



“मित्राची जीप सापडली चौथ्या दिवशी. दुसऱ्या वाटेवर, वाळूत रुतलेली. तो आतच. पाण्याचे कॅन सगळे पुढच्या गाडीत होते ना... पण त्या पहिल्याच सकाळी अंगणातल्या वाळूत चाकांचे माग होते. दोन गाड्यांचे. आत येणारे. दुसरीचे बाहेर जाणारे मात्र नव्हतेच.”

 

दिरानं धडपडत दिवा लावला. नवरा मायेनं पुढे झुकला. “बघ बाई, तुला हे झेपायचं नाही. राहू दे ना जायचं?”

“बाबा, त्या भुताला काय भ्यायचं? ते बिचारं मागून येत होतं,” ती म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. “मला धडकी भरली ती न थांबणाऱ्याची. जिन्यातून ऐकलंय मी सगळं. मी जाणार आहे. तुझ्याबरोबर नाही.”