चारशे ओळी

१९८६ साल. मी सव्वीस वर्षांची होते आणि एका मोठ्या इस्पितळाच्या नोंदणीचा प्रोग्राम सांभाळत होते. दहा वर्षांत कितीजणांनी ठिगळं लावलेला, तीन लाख ओळींचा. एका सकाळी नोंदणीच खोळंबली. कारण शोधत मी तिसऱ्या मजल्यावर एका नव्या माणसाच्या टेबलापाशी पोचले.

"हे तुम्ही बदललंत?"

"हो... जरा नीटनेटकं केलं."

"खाली चाळीस पेशंट ताटकळलेत. त्यांना सांगा, नीटनेटकं झालंय म्हणून!"

तो हसला. मला राग यायला हवा होता...

त्याचं म्हणणं, सगळं मोडून नव्यानं लिहू. माझं म्हणणं, इस्पितळ एक दिवसही थांबत नाही. एकेक तुकडा सुधारू. भांडता भांडता दुपारचा चहा एकत्र होऊ लागला.

"आजीबाई, तुम्हाला जुनं काही टाकवत नाही."

"टाकते की. पण प्रत्येक ओळ वाचून."

प्रोग्राममध्ये माणसांसाठी टीप लिहिता येते. यंत्र ती वाचत नाही. आम्ही एकमेकांना तिथे चिमटे काढायचो. 'आजीबाई, हे कोणाच्या जमान्यातलं?' 'तुम्ही रांगत होतात तेव्हाचं.'

मग त्याची बदली ठरली, दूरच्या शहरात. तो काही बोलेना. मीही— का बोलावं आधी?

एवढंच म्हणाला, "जुन्या पत्त्यांचा भाग बघाल? शुक्रवारपर्यंत."

तो भाग कित्येक वर्षं वापरात नव्हता. माझ्या मनात आलं, जाण्याआधी याला दाखवूच, मलाही टाकता येतं. चारशे ओळी एका फटक्यात पुसल्या.

"बघितलात?" त्यानं जिन्यात विचारलं.

"बघितला. सगळा काढला. एक ओळ ठेवली नाही."

"वाचून...?"

"वाचल्याशिवाय मी पुसते का काही?"

तो "बरं," म्हणाला, आणि उतरून गेला.

१९९९ मध्ये तो प्रोग्राम कायमचा बंद झाला. त्याआधी जुन्या बदलांची नोंद चाळताना, जिथे पुसलेलंही जपलेलं असतं, त्या चारशे ओळी सापडल्या. मधोमध त्याची टीप होती:

'आजीबाई, तुमची पद्धत मान्य. एकेक तुकडा सुधारत आयुष्य काढू? मी बदली नाकारतो. हो असेल तर ही ओळ ठेवा. नसेल तर पुसा, मी पुन्हा विचारणार नाही.'

खाली नोंद: पुसणारी व्यक्ती— मी. शुक्रवार, चार वाजून दहा मिनिटं.

त्यानं तिकडे सगळं नव्यानं लिहिलं. पाच वर्षांत तेही जुनं झालं म्हणतात. एका शिक्षिकेशी लग्न केलं, दोन मुली झाल्या. गेल्या वर्षी तो गेला. मी इस्पितळातल्या फार्मासिस्टशी संसार केला. भला माणूस. त्यानं लिहिलेली किराणा यादीसुद्धा मी शेवटच्या ओळीपर्यंत दोनदा वाचते. तो हसतो, "अगं, साबण आणि डाळच आहे त्यात!"

का वाचते, ते मी त्याला कधी सांगितलेलं नाही.