फरशीवरची पांढरी पावलं

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण यातलं एक अक्षरही पदरचं नाही. आमच्या शकुनमावशीवर हे गुदरलं. १९६२ चा वैशाख, तेल्हाऱ्याजवळ कापसाच्या जिनवाल्या एका शेठचा बंगला, आणि तेही भर दुपारी.

शेठला पोहण्याच्या हौदाची हौस आली होती. पण तो सगळा खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी असं की साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही. हौदाच्या पायऱ्यांवर आठवड्यात पांढरा थर चढायचा. मावशीचा नवरा देवीदास तिथं चौकीदार. दोघं हौद रिकामा करून, चिंचेचं पाणी ओतून, विटेच्या तुकड्यानं तो थर खरवडत. आठ दिवसांत पुन्हा तेच.

चार वर्षांची सत्यभामा काठाशी फिरकू नये, एवढीच मावशीला धास्ती. शेठ रविवारीच यायचा. एरवी हौदात कोणी उतरत नसे.

आणि तरी एका सकाळी...

काठाच्या काळ्या फरशीवर पावलं उमटली होती.

पांढरी.

खारं पाणी वाळलं की असाच डाग राहतो, हे मावशीला ठाऊक होतं. पण पावलं लहान मुलाची होती. हौदातून निघालेली... आणि मध्येच संपलेली.

सत्यभामा तर रात्रभर तिच्या कुशीत होती.

मावशीनं ती पुसली. दुसऱ्या दिवशी पावलं मावशीच्या खोलीच्या दिशेनं आणखी पुढं आली होती.

बैलगाडीतून पिण्याचं गोडं पाणी आणणाऱ्या नत्थुजीला तिनं विचारलं. म्हातारा बैलाची मान खाजवत म्हणाला,

"पहिल्या चौकीदाराची पोरगी बुडाली इथं. तुह्या पोरीएवढीच होती. खारं पानी पेऊन पेऊन गेली बिचारी. तू काहून इचारून राहिली?"

मावशीला भीतीपेक्षा कीव जास्त आली. त्या मुलखात दारी आलेल्याला आधी गोडं पाणी द्यायचं, मग नाव-गाव विचारायचं. हौदावर ठेवलं तर खारे शिंतोडे उडतील, म्हणून तिनं त्या पोरीसाठी भरलेला तांब्या स्वतःच्या उंबऱ्यावर ठेवला.

"ये माय, पेऊन घे," असंही म्हणाली.

इथंच चुकलं. दारात पाणी दिलं की तो पाहुणा होतो, आणि पाहुण्याला घरात घ्यावं लागतं.

त्याच दुपारी मावशीचा जरा डोळा लागला. जाग आली तेव्हा सत्यभामा शेजारी नव्हती. मावशी हौदाकडे धावली.

पाण्यावर साधी लहरही नव्हती...

मागं वळली तर पोर उंबऱ्यावर बसलेली. कपडे कोरडे. मांडीवर रिकामा तांब्या.

"माय, मले अजून पानी दे. लय तान लागली."

मावशीनं तिला कवटाळलं, रडली, पाणी पाजलं. पोर पीतच राहिली.

दुसऱ्या सकाळी पावलं थेट दारापर्यंत आली होती. मावशी पुसायला वाकली... आणि तशीच राहिली. डाव्या पावलाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली होती. सत्यभामेची जन्मापासून तशी होती.

तिनं आत जाऊन झोपलेल्या मुलीच्या पायांवरची गोधडी बाजूला केली.

बोटं सरळ होती.

"वाढत्या अंगाची पोर हाये," देवीदास म्हणाला. "झाले असतीन सरळ." पण दोनच दिवसांत त्यानं बिऱ्हाड अकोल्याला हलवलं. मावशी हौदाच्या पायरीवरून उठेना. तिला उचलून गाडीत बसवावं लागलं.

ती मुलगी अकोल्यात वाढली, शिकली, मूर्तिजापूरला नांदायला गेली. मावशीनं तिला काही कमी पडू दिलं नाही. तिची आजारपणं काढली, पाठवणीत ओक्साबोक्शी रडली. सत्यभामाताई अजून आमच्याकडे येते, हसते, पोरांचे लाड करते. मला तिच्याबद्दल वाईट बोलायचं नाही.

पण मावशी जाईपर्यंत तिला 'बाई' म्हणायची. नावानं तिनं हाक मारलेली आम्हा कोणालाच आठवत नाही.

आणि त्या मुलीनंही कधी विचारलं नाही... काहून म्हणून.