तांडेलाचं जेवण

ते दोन हजार तेवीस साल होतं. लालबागची जुनी चाळ पडून तिच्या जागी टॉवर उभा राहिला होता, आणि सीमाताई नि त्यांचा धाकटा भाऊ विनीत सतराव्या मजल्यावर राहायला येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. सीमाताई शाळेतून निवृत्त, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी मेघना पुण्याला. विनीतनं लग्न केलं नव्हतं. आई गेली तेव्हा तो लहान होता. त्याला सीमाताईंनीच भरवून वाढवलं होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून लांबवर शिवडीची खाडी दिसे. ओहोटीला राखाडी चिखल, भरतीला पाणी. चाळीतून कधी समुद्र दिसला नव्हता, म्हणून भाजी चिरताना सीमाताईंची नजर सारखी तिकडे जाई.

त्या मार्चमध्ये मेघनानं मामाला वाढदिवसाची भेट पाठवली, 'सात कंदील'चा शेवटचा भाग.

'सात कंदील' हा कम्प्युटरवरचा गेम. पहिला भाग विनीतनं लॅमिंग्टन रोडवरून सीडीवर आणला, तेव्हा खोलीत मॉनिटर ठेवायला जागा नव्हती. तो बाबांच्या ट्रंकेवर बसवला होता. गेममध्ये काळ्या, ओल्या डगल्यातला एक होडीवाला होता. त्याचा चेहरा कधी दिसत नसे, कायम पाठ. घरची मंडळी त्याला तांडेल म्हणत. गावी होडीच्या म्होरक्याला तेच म्हणतात. प्रत्येक भागात तांडेल वाट चुकलेल्या कुणा एकाला बेटाबेटांवरून त्याच्या घरी पोचवी आणि त्या किनाऱ्यावर कंदील लावी. होडी सोडण्याआधी वल्ह्यानं तिच्या काठावर ठोका देई. होडी रिकामी असली तर एक. कुणी बसलेलं असलं तर दोन. सातवा कंदील तांडेलाच्या स्वतःच्या घराचा, असं पहिल्याच भागात सांगून ठेवलं होतं, आणि विनीत पंचवीसेक वर्षं त्या घराची वाट बघत होता.

पहिल्या दिवशी तो गेम काही केल्या सुरू होईना. बाबा, म्हणजे गिरणीतून घरी बसलेले धोंडू परुळेकर, म्हणाले, "थांब रे, गाऱ्हाणा घालूया." गाऱ्हाणं म्हणजे कोकणात देवाला मोठ्यानं घालायचं साकडं, एकानं बोलायचं, बाकीच्यांनी होकार द्यायचा. बाबांनी डोक्यावर टोपी ठेवली, मॉनिटरपुढे हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! ह्यो तांडेल दुसऱ्यांका घराक पोचयता. पण ह्येका सोताचा घर खंयच गावला नाय, तर आमच्या घराक येवन जेवान जावांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळी खोली हसत ओरडली. दारात उभी राहिलेली शेजारची जर्ट्रूडसुद्धा ओरडली. आणि गेम सुरू झाला.

बाबा गेले, चाळ गेली, गेमचे भाग येत राहिले.

शेवटचा भाग विनीतनं पुरवून पुरवून खेळला. एका दुपारी सीमाताई चहा घेऊन गेल्या, तेव्हा तांडेल सातव्या किनाऱ्यावर उतरत होता. तिथे घर नव्हतं. नुसती वाळू. तो मागे फिरला, होडीत बसला, वल्ह्यानं एक ठोका दिला. पडदा काळा झाला आणि गेम बनवणाऱ्यांची नावं वर सरकू लागली.

"संपलं?"

"फसवलं गं ताई. कंपनी विकली गेली, नव्या लोकांनी उरकून टाकलं. जगभर शिव्या घालतायत लोक."

"अरे, गेम तो. साठी उलटली तुझी."

"म्हणूनच ना! सगळ्यांना घरी पोचवलं यानं. आणि याला घरच नाही?"

त्या दिवसापासून विनीतचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. हॉलमधून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून हॉलमध्ये. ताटावर बसे, भात चिवडे, उठून जाई. त्याला साखरेचा त्रास, वेळच्या वेळी अन्न पोटात गेलं नाही की हात थरथरत. सीमाताईंनी पिठलं केलं, मोदक केले, रागावून पाहिलं. "लहान असताना बरा होतास, चिऊचा घास म्हटलं की तोंड उघडायचास," त्या म्हणाल्या. तो हसला, पण जेवला नाही.

पहिला ठोका त्यांनी फरसबी चिरताना ऐकला. लाकडावर लाकूड. खिडकीच्या बाहेरच्या अंगानं. बाहेर काहीच नव्हतं; खाली खोलवर रस्ता आणि लांब भरतीचं पाणी. वरच्या मजल्यावर सुतार लागले असतील, असं म्हणून त्यांनी फरसबी पुढे ओढली.

दुसऱ्या दिवशी जर्ट्रूड आली. तिलाही याच टॉवरमध्ये घर मिळालं होतं.

"काय गो सीमा, बोंबील वाळत घातलेस काय? लिफ्टपासून वास येतो. समोरचे कंप्लेंट करतील हां."

"घरात मासळीचा तुकडा नाही. हा जेवतोय कुठे?"

जर्ट्रूड सोफ्यावर बसली आणि लगेच पाय वर घेतले. "मग ही लादी ओली कशी? पडशील ना, म्हातारे!"

दारापासून स्वयंपाकघरापर्यंत ओल होती. सीमाताईंनी फडकं फिरवलं. वाळल्यावर फडकं कडक झालं, त्यावर पांढरा थर धरला. त्यांनी बोट लावून जिभेला टेकवलं. मीठ.

त्याच संध्याकाळी विनीतनं त्यांना हाक मारली. त्यानं गेम पुन्हा पहिल्यापासून लावला होता. पडद्यावर किनारा होता, होडी होती. होडीत कुणी नव्हतं.

मेघनाला फोन लावला. "माझ्याकडच्या गेममध्ये आहे की तो बसलेला," ती म्हणाली. "मामाला म्हणावं, काढून परत इन्स्टॉल कर."

विनीतनं केलं. होडी रिकामीच.

"उतरलाय तो," विनीत हळूच म्हणाला. "बाबांनी बोलावलं होतं त्याला. आठवतं?"

सीमाताईंना आठवत होतं. टोपीसकट आठवत होतं. "गप रे," त्या म्हणाल्या. पण बोललेलं फेडायचं असतं, हे बाबांनी जन्मभर सांगितलं होतं. आणि मेलं एक ताट वाढायला काय जातं? त्या निमित्तानं हा तरी जेवेल.

बुधवारी त्यांनी बांगड्याचं तिखलं केलं, भात, सोलकढी. पाहुण्याला कधी एकट्याला जेवायला बसवायचं नाही, घरचं माणूस सोबत हवं, ही आईची शिकवण. म्हणून शेजारी शेजारी दोन ताटं मांडली. भर दुपार होती. ऊन खिडकीतून थेट ताटांवर पडलं होतं.

गाऱ्हाणं पुरुषांनी घालायचं, पण विनीतला शब्द येत नव्हते. सीमाताईंनी डोक्यावर पदर घेतला.

"बा देवा म्हाराजा! आमच्या बापाशीन बोललेला, ता आज फेडतंव. पोटभर जेव आणि तुझ्या वाटेन जा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," विनीत म्हणाला.

आणि जेवायला लागला. भात मागून घेतला. तिखलं मागून घेतलं. सोलकढीची वाटी तोंडाला लावली. सीमाताईंचे डोळे भरून आले. किती दिवसांनी तो असा जेवत होता.

दुसऱ्या ताटातला भात तसाच होता. त्यावरची वाफ मात्र एकदम थांबली.

विनीत उठला. हात धुतले. चपला घातल्या.

"कुठे रे?"

"याला जरा खाली सोडून येतो."

जेवून निघालेल्या पाहुण्याला वाटेला लावून यायचं. तीही आईचीच शिकवण.

"लवकर ये," सीमाताई ताटं उचलत म्हणाल्या. "गोळी राहिलीय."

त्यांनी वळून पाहिलं नाही.

विनीत परत आला नाही. पोलिसांनी लिफ्टच्या कॅमेऱ्यातलं दाखवलं. रिकाम्या लिफ्टमध्ये तो अंग चोरून कोपऱ्यात उभा होता, शेजारी बघून हसत काहीतरी बोलत होता. गेटवरचा वॉचमन निलेश म्हणाला, "त्यांनी गेट उघडून धरलं, काकू. थोडा वेळ धरलं, मग स्वतः गेले. कुणासाठी धरलं, ते नाही कळलं." तिथून शिवडीच्या बाजूला कॅमेरे नव्हते.

निलेश पुढे नोकरी सोडून गावी गेला. जर्ट्रूड मुलाकडे, स्टॅनलीकडे, वसईला राहते. फोन करते, पण विनीतचं नाव काढत नाही. त्याचा कम्प्युटर मेघना पुण्याला घेऊन गेली. लोकांची ओरड ऐकून कंपनीनं शेवट बदलला म्हणे, तांडेलाला घर दिलं, खिडकीत सातवा कंदील लावला. मेघना म्हणाली, "आता छान झालंय गं आई, बघ तरी." सीमाताईंनी पाहिलं नाही.

त्या अजून तिथेच राहतात. भरतीच्या दुपारी ठोका ऐकू आला की गॅस बारीक करतात आणि चिरणं थांबवून कान देतात. पूर्वी एकच येई.

आता दोन येतात.