हजेरीचा कागद

एखादा अहवाल कुणी वाचू नये असं वाटत असेल, तर तो सगळ्यांसाठी खुला ठेवावा – तळघरात, अकरा ते चार, फक्त तीस दिवस. खाण कंपनीच्या साहेबांनी नेमकं तेच केलं होतं. टेकडीवर खाण निघाली तर झाडांचं, पाण्याचं आणि माणसांचं काय होईल, हे सांगणारी नऊशे बारा पानं टेबलावर ठेवलेली. ती बाहेर न्यायची नाहीत आणि वाचणाऱ्याला एकटं सोडायचं नाही, म्हणून ऑफिसातली टायपिस्ट समोर बसवलेली. नऊ दिवस तिथे चिटपाखरूही फिरकलं नाही.

दहाव्या दिवशी तो आला. पावसाने निथळत, चिखलाचे बूट हातात धरून.

"बूट घालूनही वाचता येतं," ती म्हणाली.

"माहितीय. पण फरशी पुसलेली दिसली…"

कंटाळून ती फरशी तिनेच पुसली होती. ते कुणाच्या लक्षात येईल असं तिला वाटलंच नव्हतं.

तो टेकडीवरच्या आदिवासी वस्तीतला, मधमाश्या पाळणारा. रोज दोन तास चालत यायचा आणि वाचलेलं पेन्सिलीने वहीत उतरवून घ्यायचा.

"यात सत्तावीसच पक्षी लिहिलेत," एकदा तो म्हणाला. "मोजणारा दुपारी आला असणार. पहाटे यायला हवं."

"पहाटे एवढ्या वर कोण येणार?"

"तुम्ही या ना… मी मोजून दाखवतो."

ती मान खाली घालून टाइप करत राहिली. त्या पानावर तिच्या सहा चुका झाल्या.

विसाव्या दिवशी तो एका पानावर थांबला, तो थांबलाच. वर छापलं होतं, 'आम्हांला खाण मान्य आहे'. खाली अठ्ठावन्न अंगठे. पहिला त्याच्या आईचा.

"याच पानासाठी येत होतो मी," तो हळूच म्हणाला. "वस्तीने वाळीत टाकलं तिला. तूच आधी अंगठा दिलास, तूच टेकडी विकलीस म्हणाले. ती मरेपर्यंत एकच सांगत होती – तो हजेरीचा कागद होता, वर काही लिहिलेलंच नव्हतं. साहेबांबरोबर एक मुलगी होती, तिने माझ्या अंगठ्याची शाई आपल्या स्कार्फने पुसली. तिला शोध. ती खोटं बोलायची नाही."

"मग… सापडली?"

"कुठे शोधू? या शहरात स्कार्फ काय थोडे आहेत?"

कागद कोराच होता. वरची ओळ नंतर आठवड्याने, साहेबांच्या सांगण्यावरून, तिनेच टाइप केली होती. "एकच तर ओळ आहे," साहेब म्हणाले होते. आता सांगावं तर नोकरी जाणार, आणि घरी वडील अंथरुणाला खिळलेले. त्याहून वाईट म्हणजे तो जाणार. इकडे आड, तिकडे विहीर. तिने पुढचा कागद मशीनवर चढवला.

पुढच्या दिवसांत तो 'तुम्ही'वरून 'तू'वर आला. तिच्यासाठी मधाची बाटली घेऊन आला. तिला तो मध गिळवेना.

तिसाव्या दिवशी, आक्षेप नोंदवायच्या शेवटच्या दिवशी, ती स्कार्फ गुंडाळून आली. त्याने वर पाहिलं… पेन्सिल तिथेच थांबली. स्कार्फच्या टोकाला अंगठ्याएवढा निळा डाग होता.

"हा डाग…"

"तुझ्या आईचा."

"आणि ती वरची ओळ?"

"माझी."

त्याने वही मिटली.

"दहा दिवस तू समोर बसून होतीस!"

"हो. तू यायचा थांबशील म्हणून… मला तू आवडतोस. हे आधीच सांगायला हवं होतं. आणि त्या ओळीचं त्याच्याही आधी."

तिने दोन पानं पुढे सरकवली. हजेरीचा कागद संमतीचा कसा झाला ते सगळं, कुणाच्या सांगण्यावरून तेही, खाली तिची सही. त्याने ती पानं दोनदा वाचली. दुसऱ्यांदा वाचताना त्याचे डोळे भरून आले.

"आधी आक्षेपाला जोडतो," तो म्हणाला. "मग याची नक्कल वस्तीत वाचणार, सगळ्यांसमोर. आई ऐकायला नाही, तरी."

"साडेतीन झालेत. कचेरी रस्त्यापलीकडे आहे. पोच घ्यायला विसरू नकोस."

बाहेर पाऊस कोसळत होता. तिने गळ्यातला स्कार्फ काढला आणि पानं त्यात नीट गुंडाळून दिली. टेकडी वाचेल की नाही, कुणास ठाऊक. तिची नोकरी मात्र संध्याकाळपर्यंतही टिकणार नव्हती.

दाराशी बूट चढवत तो म्हणाला, "माझा राग गेलेला नाही."

"माहितीय."

"लवकर जाईल असंही वाटत नाही."

"मी उद्यापासून रिकामीच. थांबायला मला वेळच वेळ आहे."

तो हसला नाही. दोन पायऱ्या चढला, थांबला… आणि मागे न बघताच त्याने विचारलं, "स्कार्फ परत द्यायला कुठे येऊ?"

तिने पत्ता सांगितला. त्याने वही काढली आणि राहून गेलेल्या पक्ष्यांच्या यादीखाली तो लिहून घेतला.