पाहुण्यांच्या खाटा

निघायच्या आदल्या रात्री मला झोप लागली नाही, आणि त्याला कारण होतं तणीस, म्हणजे भाताचा पेंढा. हसू नका. माझी उर्वशी चार वर्षांची आहे आणि तिला दमा आहे. गादी झटकली तरी तिला धाप लागते. आणि कोकिळा, माझी होस्टेलची मैत्रीण, फोनवर मजेत सांगत होती, "नाताळाच्या रात्री आमी सगळे खाली तणसावरच झोपतो ना बाई. खाटा त्यायच्यासाठी ठेवतो."

"कोणासाठी?"

"जे गेले त्यायच्यासाठी. वर्षातून एकडाव येतात, तं त्यायले का खाली झोपवाचं?"

कोकिळाचं माहेर मुकुटबनच्या पुढं, जंगलाच्या कडेला. पाद्रीटोली म्हणतात. कधीकाळी स्वीडनहून आलेल्या एका पाद्र्यानं ही वस्ती वसवली. यवतमाळात बर्फ पडणार असल्यासारखी उभ्या उताराची छपरं, लाल खिडक्या, दारोदारी नाताळासाठी काडाच्या विणलेल्या बकऱ्या. खाटांची रीतही त्याचीच. पाद्री गेला, रीत राहिली.

दरवर्षी कोकिळा बोलवायची आणि मी काहीतरी निमित्त काढून टाळायचे. यंदा नवरा, प्रफुल्ल, वैतागला. "पोरीले काचेच्या डब्यात ठेवतं का आता?" मग पंप, वाफेची मशीन, औषधं, सगळं भरून निघाले. भूतखेत हा विषय आमच्या घरात आजोबांनी, धम्मरत्नांनी, कधीच निकाली काढला होता. मला भीती होती ती फक्त धुळीची.

आम्ही पोचलो तेव्हा कोकिळाची आई, सुखीबाई, खाटांवर धुतलेल्या चादरी घालत होती. प्रत्येक उशाशी खिरीची वाटी. जमिनीवर तणसाचा जाड थर. मी नाकाला पदर लावला, मग लाज वाटून काढला.

दिवेलागणीला सगळे चर्चला निघाले. उर्वशी खोकत होती, म्हणून मी मागं राहिले. सुखीबाई दारात थबकली. "या वक्ताले घर रिकामं ठेवा लागते, पोरी. पन लेकराले बरं नाही, तं राह्य. फक्त खाटेवर नोको बसजो."

पावलं लांब गेली आणि उर्वशीची छाती वाजायला लागली. बारीक शिट्टी. तणसावर तिला ठेवणं शक्यच नव्हतं. भिंतीकडच्या खाटेवर तिला निजवलं आणि मनात म्हटलं, माफ करा, लेकरू आहे. एम.एस्सी. झालेली बाई कोणाची माफी मागत होती, ते विचारू नका.

पंप दिला. फरक नाही. मशीन जोडली, आणि लाइन गेली.

घरात रेंज नव्हती. फाटकापाशी येते, असं कोकिळा म्हणाली होती. "आत्ता आले हं, पिल्लू," म्हणून पळाले. कोकिळाला रिंग जात होती, कोणी उचलत नव्हतं. चर्चमधलं गाणं वाऱ्यावर येत-जात होतं. आणि त्याच्या खालून, माझ्या पाठीमागच्या खिडकीतून, ती शिट्टी.

मग खाट करकरली. जड माणसानं सावकाश बसावं तशी... आणि शिट्टी थांबली.

मी आत कशी आले, आठवत नाही. अंधारात ओल्या लोकरीचा वास होता. पावसात भिजलेल्या घोंगडीचा असतो तसा. बाहेर तर कोरडी थंडी. मोबाइलचा उजेड टाकला.

उर्वशी बसलेली होती. पाठीशी दोन उशा, किंचित पुढं झुकवलेली, गळ्याचं बटण सोडलेलं. डॉक्टर सांगतात अगदी तशी. डोळे मिटलेले. श्वास चालू होता... मऊ, मोकळा, बिनआवाजाचा. शेजारी चादर खोल दबली होती. तिथं हात ठेवला. थंडगार.

मी तिला कुशीत घेऊन उंबऱ्यावर बसले आणि मोठ्यानं रडले. भीतीनं नाही. श्वास सुरू होता म्हणून.

मंडळी कंदील घेऊन परतली तेव्हा उर्वशी माझ्या कुशीत गाढ झोपली होती. "काकू, चुकलं माझं," मी म्हणाले. "तिला खाटेवर निजवलं."

सुखीबाईनं कंदील खाटेवर धरला. "उशा तू लावल्या?"

"नाही."

"मंग कायची चूक?"

"ही खाट... कोणाची आहे?"

"बाकीच्या आमच्या मानसायच्या. हे कोनाची, ते माह्या सासूलेही ठाऊक नव्हतं. हे खाट मोडाची नाही, एवढंच सांगून गेली." मग तिनं निवांतपणे चादर सारखी केली. "जेव आता. अन् खोकलं नाही तोवर उठवू नोको तिले."

त्या रात्री मी तणसावर मेल्यासारखी झोपले. उर्वशी त्याच खाटेवर, एकदाही खोकली नाही.

सकाळी मुकुटबनहून एसटी मिळाली. गाडी जवळजवळ रिकामी, उभं कोणीच नाही. उर्वशी खिडकीशी, मी तिच्या बाजूला. गाल लाल, तोंडात बिस्किट, पाय हलताहेत. मी प्रफुल्लला फोन करून सांगितलं, "तुझंच खरं. काही झालं नाही. उगाच घाबरते मी." तो हसला. मीही हसले. कितीतरी महिन्यांनी छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटत होतं.

उर्वशीनं माझी बाही ओढली.

"आई, सरक ना थोडी. ते आजी कवाची उभी हाय."